मेलेल्याचे कर्ज आणि जिवंत बाईचा अंगठा

वस्तीत कर्ता पुरुष गेला, की जलदान विधी व्हायच्या आत दाराशी कोणीतरी येऊन उभा राहतो. कधी तो फायनान्सचा वसुलीवाला पोरगा असतो, कधी गावातला खाजगी सावकार, तर कधी नवऱ्याचा आजवर न पाहिलेला 'मित्र'. त्याच्या खिशात घडी घातलेला कागद असतो. "तुमच्या मालकांनी आमच्याकडून घेतले होते. ही बघा त्यांची सही." बाई रडून थकलेली असते. रक्कम किती, कधी घेतली, कशासाठी घेतली, यातले तिला काहीच माहीत नसते. मग येणारा मोठ्या मनाचा आव आणतो. "आत्ता पैसे नकोत वहिनी. फक्त या नव्या कागदावर अंगठा द्या, म्हणजे आमचीही सोय होईल."

हा अंगठा हेच खरे कर्ज असते. त्याआधीचे बहुतेक वेळा फक्त दावा असतो.

अशा वेळी बाईला तीन गोष्टी ठाऊक असायला हव्यात. कर्ज आहे असे जो म्हणतो, त्याने ते सिद्ध करायचे असते. नाही म्हणणाऱ्याने नव्हे. मेलेल्या माणसाचे कर्ज त्याने मागे ठेवलेल्या मालमत्तेतून फिटते, वारसाच्या घामातून नाही. आणि जुन्या कर्जासाठी नवा कागद करायचा नाही. या वकिली क्लृप्त्या आहेत असे कोणी समजू नये. ही तीन वाक्ये कायद्याच्या पुस्तकात यायला दीडशे वर्षे लागली आहेत. त्यासाठी शेतकऱ्यांनी कर्जरोखे जाळले, महाडचा खटला दहा वर्षे चालला आणि बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले. तो इतिहास आपल्याला पाठ असायला हवा, कारण समोरच्याला त्याचा इतिहास पाठ आहे.

मनूचे दरपत्रक

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली. तिच्यातल्या अस्पृश्यतेबद्दल, स्त्रियांबद्दल आपण नेहमी बोलतो. पण ती सावकारीचे दरपत्रकही होती, हे फारसे बोलले जात नाही. तिच्या आठव्या अध्यायात व्याजाचे दर वर्णानुसार दिले आहेत. ब्राह्मणाकडून महिन्याला शेकडा दोन, क्षत्रियाकडून तीन, वैश्याकडून चार आणि शूद्राकडून पाच. वर्षाचा हिशोब करा. ब्राह्मणाला २४ टक्के, शूद्राला ६० टक्के. ज्याच्याकडे सर्वात कमी, त्याच्याकडून सर्वात जास्त.

काही लोक लगेच 'दामदुप्पट' पुढे करतात. व्याज मुद्दलापेक्षा जास्त होऊ नये असा नियमही त्याच शास्त्रात आहे, म्हणजे आपले पूर्वज किती दयाळू होते, असा त्यांचा सूर असतो. नियम आहे, हे खरेच. पण शेकडा पाचच्या दराने व्याज मुद्दलाइतके व्हायला फक्त वीस महिने लागतात. पुढे काय, याचे उत्तरही त्याच अध्यायात आहे. ऋणको सावकाराच्या बरोबरीच्या किंवा खालच्या जातीचा असेल तर त्याने अंगमेहनत करून कर्ज फेडावे. वरच्या जातीचा असेल तर हळूहळू, जमेल तसे द्यावे. एकाला हप्ता, दुसऱ्याला वेठ. दामदुप्पटीचे कौतुक करणाऱ्यांनी हा श्लोकही सोबत वाचून दाखवावा.

मेल्यानंतर काय? पुत्राने बापाचे कर्ज फेडणे हे धर्मकर्तव्य ठरवले गेले. न फेडणारा पुढच्या जन्मी सावकाराच्या घरी दास किंवा जनावर होऊन राबतो, अशी भीती स्मृतिवचनांनी घातली. वसुलीसाठी मृत्यूनंतरचा जन्मसुद्धा गहाण ठेवून घेतला.

बाईबद्दल याज्ञवल्क्य स्मृतीचा नियम बारकाईने पाहण्यासारखा आहे. नवऱ्याचे कर्ज बायकोने फेडायचे नाही, असे ती म्हणते. पण जे तिने स्वतः मान्य केले, जे नवऱ्यासोबत मिळून काढले किंवा स्वतः काढले, ते मात्र तिने द्यायचे. म्हणजे त्या काळीही सावकाराला एकाच गोष्टीची गरज होती: बाईचे 'हो'. आज दारात उभा असलेला माणूस अंगठा का मागतो, याचे मूळ इतके जुने आहे.

आणखी एक नियम त्याच स्मृतीत आहे. जो मेलेल्याची संपत्ती घेतो त्याने त्याचे कर्ज द्यावे, आणि जो त्याची बायको घेतो त्यानेही द्यावे. अशा माणसाला 'योषिद्ग्राह' असा शब्द आहे, म्हणजे बाईला घेणारा. बाई ही मालमत्ता, आणि मालमत्तेबरोबर बोजा जातो, असे हे साधे गणित. उच्चवर्णीयांनी आपल्या विधवांना पुनर्विवाहच नाकारला. पाट लावण्याची रीत होती ती कष्टकरी जातींत. मग या नियमाचा फटका कोणाला बसणार होता? पाट लावून नवा संसार मांडू पाहणाऱ्या शूद्रातिशूद्र बाईलाच. तिच्याशी लग्न म्हणजे मेलेल्या नवऱ्याचे देणे अंगावर घेणे.

ही गोष्ट पुराणातली वांगी म्हणून सोडून देता येत नाही. १८६६ साली मुंबई इलाख्यात यासाठी खास कायदा करावा लागला. वारसाची जबाबदारी त्याच्या हाती आलेल्या मालमत्तेपुरतीच राहील, आणि विधवेशी लग्न करणारा पुरुष केवळ त्या लग्नामुळे तिच्या आधीच्या नवऱ्याच्या कर्जाला जबाबदार ठरणार नाही, अशी तरतूद त्या सातव्या कायद्याने केली. ज्यासाठी कायदा लिहावा लागतो, ते समाजात चालू असते.

सुपे, १२ मे १८७५

इंग्रजी कोर्टे आली आणि सावकाराच्या हातात नवे हत्यार आले: कागद. त्याआधी वसुली गावाच्या डोळ्यांसमोर होत असे. आता दस्त दाखवला की हुकूमनामा आणि हुकूमनामा दाखवला की जप्ती. दस्त खरा की खोटा, हे सांगणारा माणूस निरक्षर आणि दस्त लिहिणारा साक्षर. गावचे दप्तर कुलकर्ण्याकडे आणि तो बहुधा ब्राह्मण. जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये याच लेखणीवर आसूड ओढला. विद्येविना मती गेली इथपासून वित्ताविना शूद्र खचले इथपर्यंतची जी साखळी ते मांडतात, तिचा एक दुवा हा कर्जरोख्याचा आहे. ज्याला वाचता येत नाही त्याचे शेत वाचता येणाऱ्याच्या नावावर जाते.

१८५९ च्या मुदतीच्या कायद्याने नोंदणी न झालेल्या कर्जरोख्यावर दावा लावायला तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू असा होता की व्याज वर्षानुवर्षे साचू नये. सावकाराने त्याचाच सापळा केला. तीन वर्षे भरत आली की तो कुणब्याला बोलावून घेई आणि नवा रोखा लिहून घेई. जुने मुद्दल अधिक न फिटलेले व्याज म्हणजे नवे मुद्दल. त्यावर पुन्हा व्याज. तीन वर्षांनी पुन्हा तेच. भरलेल्या पैशाची पावती द्यायची नाही, जुना रोखा फाडायचा नाही. बाप मेला की पोराला बोलवायचे आणि त्याच्याकडून नवा रोखा करून घ्यायचा. पोराने एक पैसा घेतलेला नसतो, पण रोख्यावर ऋणको म्हणून त्याचे नाव असते.

याचा स्फोट १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुपे येथे झाला. बाजारपेठेच्या त्या गावात आसपासचे शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांकडे वह्या आणि कर्जरोखे मागितले. मिळाले तिथे जाळले. हे लोण पुण्यातून अहमदनगरकडे गेले, तीसहून अधिक गावांना ते लागले. सरकारने फौज आणली, ९५१ लोकांना अटक केली.

या उठावातली एक गोष्ट आपण नीट समजून घेतली पाहिजे. दंगलखोर म्हणून ज्यांची नोंद झाली त्यांचे लक्ष्य मुख्यतः कागद होते. काही ठिकाणी दुकाने, घरे लुटली-जाळली गेली, पण जिथे सावकाराने रोखे मुकाट काढून दिले तिथे बहुधा त्याला हात लागला नाही. आपल्याला कोण बांधून ठेवते, हे त्या निरक्षर माणसांना अचूक कळले होते. जाळण्याशिवाय दुसरा मार्ग त्यांना दिसला नाही, कारण कोर्टात कागदाच्या आत डोकावून पाहण्याची सोय नव्हती.

कागदाच्या आत पाहणारा कायदा

चौकशीसाठी आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल १८७८ साली ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवला गेला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपासून त्याची सुरुवात झाली. शेतकऱ्यांनी जे आगीने मागितले, त्यातले बरेच या कायद्याने शाईने दिले.

त्यातल्या चार तरतुदी आजही प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असाव्यात. एक, कोर्टाने फक्त शेवटचा रोखा पाहून हुकूम द्यायचा नाही; व्यवहार सुरू झाल्यापासूनचा सगळा हिशोब काढायचा, मुद्दल वेगळे आणि व्याज वेगळे करायचे. ऋणकोने कर्ज कबूल केले तरी ती कबुली खरी आहे का, आपला हक्क समजून दिलेली आहे का, हे पाहायचे. दोन, शेतकऱ्याचा दस्त गावाच्या रजिस्ट्रारसमोर झाला पाहिजे. तीन, पैसे भरल्यावर पावती, वर्षाला हिशोबाचा उतारा आणि मागितल्यास पासबुक हा ऋणकोचा हक्क. न देणाऱ्याला दंड. चार, पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकायचे नाही.

त्याच्या सात वर्षे आधी, १८७२ च्या पुरावा कायद्यात, आणखी एक तत्त्व आले होते. हिशोबाच्या वहीतल्या नोंदी पुराव्यात घेता येतात, पण केवळ त्या नोंदींवर कोणावर देणे लादता येत नाही. दुसरा पुरावा लागतो. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही हे तत्त्व कायम आहे. "माझ्या वहीत लिहिले आहे" हे वाक्य दीडशे वर्षांपासून कायद्याने अपुरे ठरवले आहे. वस्तीत मात्र ते अजून पुरते.

महाडचा धडा

महाडचा उल्लेख वर मनुस्मृतीच्या निमित्ताने आला. आता त्याच महाडचा दुसरा अर्धा भाग पाहू.

चवदार तळ्याच्या सत्याग्रहाविरुद्ध सवर्णांनी डिसेंबर १९२७ मध्ये दिवाणी दावा लावला. त्यांचे म्हणणे असे होते, की अस्पृश्यांनी या तळ्याचे पाणी घ्यायचे नाही अशी अनादी काळापासूनची रूढी आहे. तो काळ असा, की रूढी म्हटले की माना डोलत. बाबासाहेबांनी हा दावा रस्त्यावर जसा लढला तसाच कोर्टातही लढला. प्रश्न साधा होता. रूढी आहे म्हणता, मग सिद्ध करा. केव्हापासून? कशावरून? कोणता कागद, कोणता साक्षीदार? खालच्या दोन्ही कोर्टांत सवर्ण हरले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टानेही सांगितले, की अशी अनादी रूढी दावेदारांना सिद्ध करता आलेली नाही.

हा निकाल आपण पाण्याच्या हक्काचा म्हणून साजरा करतो, आणि तो तसा आहेच. पण त्यात पद्धतीचाही एक धडा आहे. जो आपल्यावर बंधन आहे असे म्हणतो, पुरावा त्याने आणायचा. आपण मुक्त आहोत हे आपण सिद्ध करायचे नसते. हजारो वर्षांची म्हणवली जाणारी रूढी जिथे पुराव्याअभावी कोसळली, तिथे घडी घातलेल्या पाचशे रुपयांच्या स्टॅम्पची काय कथा?

सत्तावन्न वर्षे उशिरा आलेले कलम

१८६६ च्या कायद्याने वारसाची व्यक्तिगत जबाबदारी काढली, तरी एक फास राहिलाच. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाचा जो जन्मसिद्ध हिस्सा, तो बापाच्या कर्जासाठी विकता येत होता. कारण तेच जुने: पुत्राचे धर्मकर्तव्य. धर्मशास्त्रातली नरकाची भीती इंग्रजी न्यायमूर्तींच्या निकालांतून जमिनीच्या लिलावापर्यंत पोहोचली होती. लिलावात हिस्सा मुलाचा जायचा, पण छप्पर जायचे ते त्याच्या विधवा आईचेही.

बाबासाहेबांनी कायदामंत्री म्हणून पुढे नेलेल्या हिंदू कोड बिलात हे तत्त्व रद्द करणारे स्वतंत्र कलम होते. ९ एप्रिल १९४८ रोजी ते बिल प्रवर समितीकडे गेले. स्त्रियांचा वारसा, घटस्फोट, दत्तक यांवर जो गदारोळ झाला, त्यात या कलमाची चर्चा आज कोणाला आठवतही नाही. बिल रखडवले गेले. २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी राजीनामा दिला. पुढे बिलाचे तुकडे करून कायदे झाले, पण १९५६ च्या वारसा कायद्यात हे कलम आले नाही.

ते आले २००५ मध्ये. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने कलम सहामध्ये सांगितले, की यापुढे केवळ धर्मकर्तव्याच्या आधारावर बापाच्या, आजाच्या, पणजाच्या कर्जासाठी मुला-नातवांविरुद्ध कोर्ट कारवाई मान्य करणार नाही. हा वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. १९४८ ते २००५, म्हणजे सत्तावन्न वर्षे. या काळात 'बापाचे देणे' म्हणून किती शेते, किती घरे गेली असतील? हिंदू कोड बिलाला विरोध करणाऱ्यांनी फक्त मुलींचा वाटा अडवला नाही. सावकाराचा वाटा राखला.

ज्यांच्याकडे शेतही नव्हते

ज्याच्याकडे लिलावाला जमीनच नाही, त्याचे काय गहाण पडायचे? त्याचे शरीर. ठाणे जिल्ह्यातल्या आदिवासींमध्ये 'लग्नगडी' हा शब्द होता. लग्नासाठी जमीनदाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत नवरा-बायकोने त्याच्याकडे राबायचे. फिटल्याचा हिशोब जमीनदाराकडे, त्यामुळे ते फिटायचे नाही. वारल्यांनी १९४५ च्या लढ्यात ही प्रथा मोडली. गोदावरी परुळेकरांनी तो लढा 'जेव्हा माणूस जागा होतो' मध्ये लिहून ठेवला आहे.

सबंध देशासाठी कायदा झाला तो १९७६ साली. वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्याने तशी सारी कर्जे एका झटक्यात संपवली. या कायद्याची व्याख्या वाचा. वारशाने अंगावर आलेले देणे आणि विशिष्ट जातीत जन्मल्यामुळे आलेले बंधन, ही दोन्ही कारणे त्यात शब्दशः मोजली आहेत. कर्ज आणि जात यांचा संबंध आम्ही लावतो म्हणून ज्यांना राग येतो, त्यांनी संसदेवर रागवावे. आणि कलम पंधरा सांगते, की एखादे कर्ज वेठबिगारीचे आहे असे मजुराने म्हटले, तर ते तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार सावकारावर. वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीच्या उचलीत नवरा मेला आणि मुकादम बायकोला म्हणाला, "उचल फिटेपर्यंत तू चल", तर त्याला हा कायदा लागू होऊ शकतो. हे सांगायला तिथे कोणी जात नाही, एवढेच.

आजचा कागद

आता आजकडे येऊ. इतिहासातून जे हाती आले, ते वापरायचे कसे?

पहिली गोष्ट, कागदाची प्रत मागा आणि ती लेखी मागा. मूळ करार, पैसे कोणत्या खात्यात गेले त्याची नोंद, आजवरच्या हप्त्यांचा उतारा. मायक्रोफायनान्सच्या कर्जात कर्जदाराला समजेल अशा भाषेत कर्जकार्ड देणे आणि प्रत्येक हप्त्याची पोच त्यावर नोंदवणे रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनी बंधनकारक केले. १८७९ चे पासबुकच हे! वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करायला, नातेवाइकांना त्रास द्यायलाही त्याच निर्देशांनी मनाई केली. तक्रारीला तीस दिवसांत उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते.

दुसरी गोष्ट, विमा. कर्ज देताना अनेकदा कर्जदाराच्या विम्याचा हप्ता आधीच कापून घेतलेला असतो. माणूस गेल्यावर ते कर्ज विम्यातून फिटायला हवे. वसुलीवाला हे स्वतःहून सांगेलच असे नाही. कर्जकार्डावर, कराराच्या मागच्या पानांवर विम्याची नोंद शोधा.

तिसरी गोष्ट, सावकाराचा परवाना. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्यानुसार कर्ज देताना परवाना नसेल तर कोर्ट त्याच्या बाजूने हुकूमनामा देत नाही. विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. परवानाधारकालाही मुद्दलापेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. कर्जाच्या बदल्यात 'नावापुरते' म्हणून खरेदीखत करून घेतले असेल, तर पंधरा वर्षांपर्यंतच्या व्यवहारांबाबत जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो; अवैध सावकारी सिद्ध झाल्यास जमीन परत मिळू शकते.

चौथी गोष्ट, कागदाची तब्येत तपासा. स्टॅम्प कोणत्या तारखेला आणि कोणाच्या नावे विकत घेतला? करारातली शाई आणि सहीची शाई एकच आहे का? नवरा सही करायचा की अंगठा द्यायचा? त्या तारखेला तो गावात होता की कामावर? साक्षीदार कोण, आणि ते सावकाराचे कोण लागतात? कोऱ्या स्टॅम्पवर सही घेऊन मजकूर नंतर भरण्याची रीत जुनीच आहे.

पाचवी, आणि सर्वात महत्त्वाची. नवा कागद नको, नवी सही नको, 'थोडे तरी भरा' म्हणून हप्ताही नको, जोवर वकिलाला दाखवलेले नाही. उसनवारीच्या पैशावर दावा लावायला आजही साधारण तीन वर्षांचीच मुदत आहे. मुदतीच्या आत लेखी कबुली दिली, की मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते. मुदत संपलेले कर्जही सहीनिशी दिलेल्या लेखी वचनाने जिवंत होते. १८६० च्या दशकात कुणब्याकडून दर तीन वर्षांनी नवा रोखा का घेतला जायचा, आठवते ना? तो सापळा अजून तिथेच आहे. फक्त आता त्याच्यासमोर बाई उभी आहे.

कोर्टात गेलेच, तर दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ५० सांगते, की वारसाकडे मृताची जेवढी मालमत्ता आली तेवढीच त्याची जबाबदारी. काहीच आले नसेल तर वसुलीही काही नाही. कलम ६० नुसार अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, कारागिराची हत्यारे जप्त करता येत नाहीत. नवऱ्याने दिलेल्या चेकवरून बायकोवर फौजदारी खटला होऊ शकत नाही. आणि वकिलाला पैसे नाहीत म्हणून कोणी गप्प बसू नये. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अटही नाही.

"कर्ज बुडवायला शिकवता काय?"

हा आक्षेप येणारच, म्हणून त्याचे उत्तर इथेच द्यावे. नाही. नवऱ्याने खरोखर कर्ज घेतले असेल आणि मागे जमीन, घर, पैसा ठेवला असेल, तर त्यातून ते फिटलेच पाहिजे. घर गहाण असेल तर माणूस मेल्याने गहाण सुटत नाही. बायको स्वतः सहकर्जदार किंवा जामीनदार असेल, तर ती तिची जबाबदारी आहे. मायक्रोफायनान्सचे कर्ज तर बहुतेक वेळा बाईच्याच नावावर असते, त्याला नवऱ्याचे कर्ज म्हणून चालणार नाही. या गोष्टी लपवून आपल्या बायाबापड्यांना खोटा धीर देणारा कार्यकर्ता त्यांचे नुकसानच करतो.

आमचे म्हणणे एवढेच, की कर्ज खरे असेल तर कागद दाखवायला अडचण काय? आणि नियम दोन्ही बाजूंना सारखा हवा. आपल्या राज्याकडे पाहा. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरी सरकारी मदत द्यायची वेळ येते, तेव्हा कर्ज बँकेचे किंवा परवानाधारक सावकाराचेच हवे, सातबारा हवा, कागद हवा. कागद नाही म्हणून कुटुंब 'अपात्र' ठरते. भूमिहीन मजुराची बायको तर त्या रांगेतच नसते. पण त्याच बाईकडून वसुली करायची असते, तेव्हा तोंडी हिशोब, फाटकी चिठ्ठी, वहीतली एक ओळ पुरते. मदतीला पुरावा लागतो आणि वसुलीला लागत नाही, याला न्याय म्हणत नाहीत. याला मनूचे दरपत्रक म्हणतात.

सुप्याच्या माणसांनी रोखे जाळले, कारण त्यांना ते वाचता येत नव्हते. आपल्या पिढीला वाचता येते. फुले दाम्पत्याने आणि बाबासाहेबांनी त्यासाठी आयुष्य वेचले. मग ते वाचणे स्पर्धा परीक्षेपुरतेच ठेवायचे का? प्रत्येक वस्तीत, प्रत्येक बुद्धविहारात दोन मुले-मुली अशा हव्यात, की ज्यांना कर्जाचा करार वाचता येतो, जिल्हा उपनिबंधकाला अर्ज लिहिता येतो, विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय कुठे आहे हे माहीत असते. वस्तीत कोणी गेले, तर त्यांनी जलदान विधीला जावे आणि त्या माऊलीला एकच निरोप द्यावा: ताई, कोणी कागद घेऊन आले तर प्रत ठेवून घ्या, अंगठा देऊ नका, आणि आधी आम्हाला हाक मारा.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा याचा अर्थ काही वेळा एवढाच छोटा असतो. पण त्याने एक घर वाचते.

जय भीम! जय संविधान!